उतीस आणि कोश: हिमालयातले दोन आल्डर, आणि कुठला कुठे लावायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिमाचलातल्या कुल्लू-मंडी पट्ट्यात एका गावसंस्थेबरोबर काम करणाऱ्या मराठी कार्यकर्तीने विचारलंय, की २०२३च्या पावसाळ्यात गावाच्या वरचा उतार खचला आणि खालच्या नाल्याने काठ खाल्ला. आता दोन्हीकडे झाडं लावायची आहेत. रोपवाटिकेत आल्डरची, म्हणजे भूर्जाच्या कुळातल्या ओल आवडणाऱ्या झाडाची, दोन प्रकारची रोपं आहेत, पण लोक दोन्हींना कोशच म्हणतात. पुस्तकात मात्र एक आल्नस नेपालेन्सिस आणि दुसरं आल्नस निटिडा. यांत फरक काय, कुठलं कुठे लावायचं, आणि हे झाड आपल्या सह्याद्रीत चालेल का?

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. खचलेल्या उतारावर आल्नस नेपालेन्सिस लावा. नेपाळीत त्याला उत्तिस म्हणतात, कुमाऊँत उतीस. मी इथे उतीसच म्हणेन. नाल्याच्या काठावर आल्नस निटिडा लावा; कोश हे नाव इथे त्याच्यापुरतंच ठेवते. सह्याद्रीत दोन्हींपैकी एकही नको.

जागा ठरवताना मी एकच गोष्ट आधी बघते: त्या जागेला पाणी कुठून मिळतं. वरून पडणाऱ्या पावसातून, धुक्यातून, उतारात झिरपणाऱ्या पाण्यातून मिळत असेल तर उतीस. शेजारून वाहणाऱ्या प्रवाहातून मिळत असेल तर कोश. उतीस नाल्याकाठी वाढत नाही असं अजिबात नाही, उत्तम वाढतो. पण कोशाला काठापासून वर, कोरड्या उतारावर नेलंत तर तो झुरतो. ही चूक मी वृक्षारोपणांत वारंवार पाहिली आहे: दोन्ही 'आल्डर', म्हणून एकाच्या जागी दुसरं खपवलं जातं, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात उतारावर नुसत्या काड्या उभ्या असतात.

मुळात दोघं इतकी वेगळी का, हे त्यांच्या प्रदेशावरून कळतं. कोश पश्चिम हिमालयाचा. पाकिस्तानातलं स्वात, हजारा, मग काश्मीर, चंबा, कांगडा, कुल्लू असा तो येतो, आणि उत्तराखंडाकडे जाताना विरळ होतो. या पट्ट्यात पावसाळा पूर्वेपेक्षा हलका, हिवाळ्यातला पाऊस आणि बर्फ जास्त, आणि उन्हाळ्यात पाणी येतं ते वितळलेल्या बर्फाचं, नद्यांतून. झाडाने नदी धरली यात नवल नाही. उतीस पूर्वेचा: हिमाचल-उत्तराखंडापासून नेपाळ, सिक्कीम, भूतान, अरुणाचल, नागालँड, पुढे म्यानमार आणि चीनच्या युन्नानपर्यंत. तिथे मोसमी पाऊस दणकून पडतो, दर वर्षी कुठे ना कुठे दरड कोसळते, आणि उघड्या पडलेल्या मातीवर सगळ्यात आधी उगवणाऱ्या झाडांत उतीस असतो. साधारण १००० ते ३००० मीटर हा त्याचा पट्टा. तुमचा जिल्हा या दोन्हींच्या सीमेवर आहे, म्हणून तुम्हाला हा प्रश्न पडला; गंगटोकच्या कार्यकर्त्याला पडला नसता.

नात्याने दोघं जवळची. शास्त्रज्ञ त्यांना आल्डरच्या ज्या शाखेत घालतात तिची खूण म्हणजे शरदातला फुलोरा. युरोपातला काळा आल्डर पानं फुटण्याआधी, हिवाळा सरता सरता फुलतो. आपले हे दोघं पावसाळा संपल्यावर फुलतात: कोश सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, उतीस ऑक्टोबर ते डिसेंबर. याच सवयीचा त्यांचा एक भाऊबंद थेट अमेरिकेत आहे, आल्नस मॅरिटिमा, आणि तोही तीन तुटक ठिकाणी: डेलावेअर-मेरीलँडचा किनारी भाग, जॉर्जिया आणि ओक्लाहोमा. हिमालय आणि ओक्लाहोमा यांत एवढी जवळीक असावी, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आता ओळखीकडे वळू, कारण तुमचं सगळं गणित त्यावर आहे. नावावर विश्वास ठेवू नका. कोश, कुनिश ही नावं हिमाचलात दोन्हींना सर्रास लावतात. पानाच्या कडेवरही विसंबू नका. मोठ्या उतिसाच्या पानाची कड सहसा अखंड किंवा अगदी उथळ दात्यांची असते, कोशाची विरळ दात्यांची. पण कोशाचंही पान कधी जवळजवळ अखंड सापडतं, आणि कोवळ्या रोपांच्या पानांवर तर दात्यांचा काही नेम नाही.

विसंबायचं ते बोंडांवर. आल्डरला मादी फुलोऱ्यापासून छोटी लाकडी बोंडं येतात, बारक्या पाइनच्या शंकूसारखी दिसणारी, आणि बी पडून गेलं तरी ती फांदीवर बरेच दिवस टिकतात. म्हणून वर्षभरात कधीही झाडाखाली गेलात तरी पाच-दहा वेचता येतात. कोशाचं बोंड मोठं: चांगलं तीन सेंटिमीटर, कधी त्याहून थोडं जास्त, बोटाच्या पेराएवढं. आखूड दांड्यावर तीन, चार, पाच असा छोटा घोस पानाच्या बगलेत बसतो. उतिसाचं बोंड दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर, बारीक, आणि ती एकदोन नसतातच. फांद्या फुटलेल्या झुपक्यावर ढिगाने लागलेली असतात. एकदा दोन्ही शेजारी शेजारी तळहातावर ठेवून बघितली की पुन्हा चुकत नाही.

नर तुरे दोघांचेही लांब आणि लोंबते. उतिसाचे फांदीच्या टोकाला बहुशाखी झुपक्यात येतात, एकेक तुरा दहापासून पंचवीस सेंटिमीटरपर्यंत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात अख्खं झाड लांबूनही पिवळसर दिसतं. कोशाचे तुरे एका ठिकाणी मोजकेच. पान उलटून बघा: उतिसाची खालची बाजू फिकी, पांढुरकी झाक असलेली, तिच्यावर राळेचे बारीक ठिपके आणि शिरांच्या बगलेत लव. कोशाचं पान तुलनेने रुंद बुडाचं, दोन्हीकडून हिरवं आणि तकतकीत. तरुण उतिसाची साल गुळगुळीत, हिरवट-करडी, आणि तिच्यावर पिवळसर, किंचित उठलेल्या आडव्या रेघा. कधी त्या खोडाला जवळजवळ वळसा घालतात. कोशाची साल लवकर गडद होते आणि वयाबरोबर भेगाळते. सालीवरून निदान करायचं तर एकाच वयाची झाडं ताडून बघा, नाहीतर जुना उतीस आणि तरुण कोश यांत फसगत होते.

सगळी पानं झडून नागडं उभं राहणारं झाड कोश असण्याची शक्यता जास्त. उतीस खालच्या, उबदार जागी हिवाळ्यातही बराच हिरवा राहतो. ही खूण उंचीनुसार बदलते, तेव्हा एकटीवर भरवसा नको.

दोघांचं सगळ्यात मोलाचं काम जमिनीखाली चालतं. आपल्याकडे शेतकऱ्याला हरभऱ्या-तुरीच्या मुळांवरच्या गाठी ठाऊक असतात. आल्डरलाही गाठी असतात, पण त्या डाळींसारख्या रायझोबियम जिवाणूच्या नाहीत. त्यांत फ्रँकिया नावाचा जिवाणू राहतो, बुरशीसारखे धागे काढणारा. गाठी बघायच्या असतील तर झाडापासून हातभर अंतरावर वरची चार बोटं माती हलक्या हाताने बाजूला करा. पोवळ्यासारखे, फाटे फुटलेले, तपकिरी-केशरी गुच्छ दिसतील. लहान वाटाण्याएवढे, जुने लिंबाएवढेही होतात. डाळींच्या गाठी हंगामासरशी संपतात, या वर्षानुवर्षं वाढत राहतात. गाठ मोडून बघितली आणि आत ताजी, ओलसर असली तर काम चालू आहे.

हवेतला नायट्रोजन झाड असा बांधतं आणि पानगळीतून जमिनीला देतं. बहुतेक झाडं पान गळण्याआधी त्यातला नायट्रोजन परत ओढून घेतात. आल्डर त्यात हात सैल सोडतो, पानं बरीचशी हिरवी असतानाच पडतात. म्हणून नुसत्या खडी-मुरमावर पाच-सात वर्षांत काळी माती दिसायला लागते. पूर्व हिमालयात वेगवेगळ्या वयाच्या उतिसाच्या रानांत मोजमापं झाली आहेत. तरुण रानात हेक्टरी वर्षाला १०० किलोच्या वर नायट्रोजन बांधला जातो. पन्नाशी ओलांडलेल्या रानात तोच आकडा तीसच्या आसपास उतरतो. या उताराचा अर्थ नीट लक्षात घ्या: आल्डर लावून विसरायचं झाड नाही. त्याला तरुण ठेवावं लागतं, कापून किंवा बदलून.

हे ज्यांना कळलं त्यांनी काय केलं, ते नागालँडमध्ये बघण्यासारखं आहे. कोहिमाच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर खोनोमा हे अंगामी नागांचं गाव. तिथे फिरती शेती, झूम, उतिसाच्या झाडांमध्येच करतात. कोकणातल्या, गोव्यातल्या कुमरीची शेती ज्यांनी ऐकली असेल त्यांना रान तोडा, जाळा, पेरा, सोडा हा क्रम माहीत असेल. खोनोमात झाड मुळापासून तोडत नाहीत. सात-दहा वर्षांचं झालं, सालीला भेगा दिसू लागल्या, की हिवाळ्यात जमिनीपासून पुरुष-दीड पुरुष उंचीवर त्याचा शेंडा उडवतात. कापलेल्या तोंडावर चिखल लिंपतात, काही ठिकाणी वर सपाट दगड ठेवतात, म्हणजे खुंट उन्हाने तडकत नाही. जाड फांद्या सरपणाला घरी जातात, बारीक काटक्या-पाला जागेवर जाळतात, आणि त्या राखेत मका, बटाटा, भोपळा, मिरची, अळू, जॉब्ज टिअर्स हे तृणधान्य यांसारखी पिकं दोन वर्षं घेतात. खुंटाला ढीगभर धुमारे फुटतात. त्यांतले पाच-सहा जोमदार ठेवून बाकीचे काढून टाकतात. मग जमीन दोन ते चार वर्षं पडीक. तेवढ्यात धुमारे पुन्हा कापण्याजोगे होतात. इतर ठिकाणी झूमची जमीन ताकद भरून यायला दहा-पंधरा वर्षं पडीक ठेवावी लागायची, इथे चार-सहा वर्षांत फेरा पुरा होतो, कारण मधल्या काळात उतीस जमीन भरत असतो. तीच झाडं पिढ्यान्‌पिढ्या कापली जातात. त्यांचे गाठाळलेले, जाडजूड बुंधे बघितले की झाडाचं वय आणि माणसाचं शहाणपण एकत्रच दिसतं. १९९०च्या दशकात नागालँड सरकारने नेपेड प्रकल्पातून ही पद्धत इतर गावांत नेण्याचा प्रयत्न केला, तोही योग्यच होता.

मला इथे हटकून रायगड-रत्नागिरीच्या वरकस जमिनी आठवतात. तिथेही ऐन-किंजळाचं झाड न मारता दर वर्षी त्याची कवळं तोडतात आणि भाताच्या रोपासाठी राब भाजतात. झाड जिवंत ठेवून त्याची फांदी शेताला देण्याची रीत आपल्याला नवी नाही. फरक एवढाच, की ऐन-किंजळ नायट्रोजन बांधत नाहीत, उतीस बांधतो.

दुसरं उदाहरण सिक्कीम आणि दार्जिलिंगचं. आपल्या गरम मसाल्यात पडणारा मोठा काळा मसाला वेलदोडा बहुतांशी याच टापूतून आणि शेजारच्या नेपाळ-भूतानमधून येतो. त्याला सावली लागते, आणि ती सावली शक्य तिथे उतिसाची असते. उतिसाखालच्या आणि मिश्र जंगली झाडांखालच्या वेलदोड्यांची तुलना सिक्कीममध्ये झाली, तेव्हा उतिसाखाली उत्पादन दुपटीहून जास्त भरलं. वेलदोडे सुकवायच्या भट्टीला जळणही त्याच बागेतल्या छाटणीचं. पण हेही तेव्हाच, जेव्हा बाग वेळेवर नवी करतात. पंधरा-वीस वर्षांनी झाड आणि वेलदोडा दोन्ही थकतात. तेव्हा दोन्ही बदलायचे असतात. सिक्कीममधल्या कित्येक बागा उतरल्या, त्यामागे हेही एक कारण आहे.

कोशाभोवती अशी शेतीपद्धत उभी राहिली नाही, आणि त्याचं कारण पुन्हा पाणी. कोश उभा असतो नदीच्या थडीवर, ओहोळाच्या कडेने; त्याच्याखाली पिकाला जागाच थोडी. गाठी त्यालाही आहेत, तोही रेताड-गोट्यांची थडी सुपीक करतो. पण लोकांना त्याचा उपयोग काठ धरणारा, सावली देणारा, सालीतून रंग आणि चामडं कमावायला टॅनिन देणारा, पाला जनावरांपुढे टाकता येणारा असा. तुमच्या नाल्याला यातलं पहिलंच हवंय.

लाकडाबद्दल थोडक्यात. दोन्हींचं लाकूड हलकं, मऊ. ताजं कापलं की पांढुरकं असतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत केशरी-तांबडं होतं. उतिसाच्या फळ्यांची दार्जिलिंगकडे चहाची खोकी होत असत. घराच्या वाशाला, दाराच्या चौकटीला हे लाकूड घेऊ नका, हवा-ओल आळीपाळीने लागली की किडतं, कुजतं. पूर्ण पाण्याखाली मात्र आल्डर टिकतो. व्हेनिसच्या पायात जे लाकडी खांब ठोकले आहेत त्यांत युरोपातला आल्डरही आहे.

आता तुमचा खचलेला उतार. उतिसाकडून काय मिळेल आणि काय नाही, हे गावाला आधीच स्पष्ट सांगा. त्याची मुळं वरच्या थरात पसरतात, जाळं विणतात आणि वरची माती धरतात. पावसाने ओघळ पडणं, वरचा थर सरकणं हे तो चांगलं रोखतो. नेपाळमध्ये डोंगरी रस्त्यांच्या कडेने माती धरायला जी झाडं लावतात त्यांत उत्तिस अगदी पुढे असतो. पण उतार खोलवरून, पाच-दहा मीटर खालच्या थरावरून सरकत असेल तर कुठलंही झाड त्याला थांबवणार नाही. उलट उंच झाडांचं वजन वर भर घालतं. वरच्या बाजूला जमिनीत नव्या, अर्धवर्तुळाकार भेगा दिसतायत का, जुनी झाडं एका बाजूला कलली आहेत का, उताराच्या पायथ्याशी माती फुगली आहे का, हे बघा. यातलं काही असेल तर पहिला खर्च वरून येणारं पाणी चर खणून बाजूला काढण्यावर करा आणि भूवैज्ञानिकाला बोलवा. झाडं त्यानंतर.

वरवरचीच खचण असेल तर आधी गवत. समोच्च रेषेवर, म्हणजे उताराला आडवे, गवताचे पट्टे धरले की उतिसाच्या रोपाला उभं राहायला जागा मिळते. पूर्वेकडे त्यासाठी केरसुणीचं गवत लावतात, नेपाळीत त्याला अम्रिसो म्हणतात. तुमच्याकडे गावच्या बाया ज्या गवताची नावं घेतील ते लावा, चाऱ्यालाही होईल. उतीस उत्तर किंवा पूर्व अंगाच्या, ओल धरणाऱ्या उतारावरच लावा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भाजक्या उतारावर तो तग धरत नाही, आणि डोंगराच्या उघड्या कण्यावर कोरडा वारा त्याला मोडतो. तिथे कशमल, म्हणजे आपल्या दारुहळदीच्या जातीतलं काटेरी झुडूप, अशी चिवट स्थानिक झुडपं आधी. उतीस दहा-बारा फूट झाला की त्याच्या सावलीत बांजाची, म्हणजे हिमालयातल्या ओकची, रोपं सोडा. उतीस उजेडाचं झाड आहे. स्वतःच्याच सावलीत त्याचं बी नीट उगवत नाही, त्यामुळे पुढची पिढी दुसऱ्या जातीची लागणार. बांज तिथे आला तर तुमचा उतार शंभर वर्षांच्या हिशेबात सुरक्षित झाला. उतीस मधूनमधून कापून कमी उंचीवर ठेवा, जळणही मिळेल आणि उतारावरचा भारही हलका राहील.

सलग उतीसच लावायचा मोह मात्र टाळा. नायट्रोजन फार साठला की जमीन आम्ल होत जाते, आणि गाठींना लागणारा फॉस्फरसही झाड जोराने उपसतं. शिवाय पानं खाणारे भुंगे एका झाडावर आले की सगळ्यांवर येतात. दर तीन-चार झाडांत एक दुसऱ्या जातीचं असू द्या.

गावात कुणी म्हणेल की आल्डर लावला की झरा वाढतो. आल्डर ओलीच्या जागी उगवतो, म्हणून झऱ्यापाशी दिसतो. पाणी शोधायला तो चांगली खूण आहे, पण पाणी तो पितोही भरपूर. झऱ्याच्या अगदी तोंडाशी दाटीने लावू नका.

नाल्याच्या काठाला पाण्यालगतची पहिली ओळ कोशाचीही नको. तिथे विलोच्या ओल्या काठ्या तिरक्या ठोका. कुल्लूकडे त्याला ब्यूंस म्हणतात, आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाचा तो सख्खा. विलोची काठी त्याच वसंतात मुळं धरते. तिच्या मागे, पुराची नेहमीची रेघ जिथे लागते तिथपासून वर, कोश. अंतर अडीच-तीन मीटर, ओळी चुकवून. बियास खोऱ्यात २०२३ साली जो पूर आला तसा पुन्हा आला तर झाडं जातील, हे मान्य करूनच लावायचं. काठची झाडं दरवर्षीच्या पुराचा जोर मोडण्यासाठी असतात. नाल्याच्या पात्रात घुसून लावलीत तर पुरात उन्मळलेली झाडं खालच्या पुलाला अडकतात, तेव्हा पात्र मोकळं ठेवा.

सह्याद्रीच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण हा विचार महाबळेश्वर-लोणावळ्याकडे जमीन घेतलेल्या बऱ्याच जणांच्या मनात येतो. दख्खनच्या द्वीपकल्पात आल्डर मूळचा कुठेच नाही. आपल्याकडे पाऊस चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने जमीन तापते. आल्डरला वर्षभर मुळाशी ओल हवी. समजा एखाद्या ओलसर दरीत तो जगलाच, तर भीती वेगळी आहे. हवाईत उतीस बाहेरून आणून लावला आणि तिथे तो घुसखोर ठरला. हलकं पंखवालं बी, नायट्रोजनची स्वतःची सोय आणि झपाट्याची वाढ, हे तिन्ही गुण परक्या जंगलात घातक ठरतात. सह्याद्रीच्या सदाहरित राया आधीच थोड्या उरल्या आहेत.

आणि गरजही नाही. पांगारा, करंज, शिरीष ही आपली झाडं रायझोबियमच्या गाठी घेऊन उभी आहेत. फ्रँकियाचंच नातं बघायचं असेल तर दापोली-मुरूडच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात जा. सुरू मूळचा आपला नाही, पण नुसत्या वाळूत तो वाढतो त्यामागे हेच फ्रँकिया आहे. वाळू उकरलीत तर तशाच गाठी सापडतील. मात्र सुरूचा फ्रँकिया आणि आल्डरचा फ्रँकिया वेगळ्या वाणाचे. एकाखालची माती दुसऱ्याच्या रोपाला उपयोगी पडत नाही.

शेवटी रोपांचं. रोपवाटिकेला एकच सांगा: बी ज्या झाडावरून घेतलं ते झाड दाखवा, किंवा त्याची बोंडं द्या. बोंड मोठं की बारीक, यावर रोपं वेगळी लावून ठेवा आणि वाफ्यावर पाटी लावा. स्वतः बी घेणार असाल तर हिरवी बोंडं तपकिरी व्हायला लागली आणि खवले अजून मिटलेले आहेत, तेव्हा तोडा. उतिसाची नोव्हेंबर ते मार्चमध्ये मिळतील. कापडावर सावलीत पसरली की खवले आपोआप उघडतात आणि झटकल्यावर बी गळतं. बी इतकं बारीक की किलोत लाखोंनी बसतं, आणि त्याची उगवणशक्ती लवकर उतरते, तेव्हा त्याच हंगामात पेरा. मातीत गाडू नका. बारीक चाळलेल्या ओल्या मातीवर भुरभुरवा, वर चिमूटभर वाळू, आणि झारीऐवजी फवाऱ्याने पाणी. झारीच्या धारेने बी वाहून कोपऱ्यात जमतं. उजेड लागू द्या. दोन-चार पानं आली की पिशवीत हलवा.

पिशवीच्या मातीत एका जोमदार, त्याच जातीच्या झाडाखालची मूठभर माती मिसळा, किंवा चार-दोन ताज्या गाठी धुऊन, पाण्यात ठेचून ते पाणी शिंपडा. हे टाळलं तर रोपं पिवळी, खुरटी राहतात आणि लोक युरिया घालतात. युरिया घातला की रोपाला गाठींची गरजच उरत नाही, आणि अशी लाडावलेली रोपं उतारावर गेली की पहिल्याच वर्षी बसतात. रोपवाटिकेत उचलायच्या आधी दहा-वीस पिशव्या फोडून मुळं बघा. गाठी दिसल्या तरच घ्या.

लागवड पावसाळ्याच्या सुरुवातीला, जुलैच्या पहिल्या पावसावर. पहिली तीन वर्षं जनावरं आत येऊ देऊ नका; मोठा उतीस गुरं फारशी खात नाहीत, पण शेळ्या-मेंढ्या कोवळे शेंडे सोडत नाहीत आणि पायाखाली उतार पुन्हा सुटतो. दुसरा शत्रू आग. साल पातळ असल्याने गवताला लागलेली एक वणव्याची पट्टी पाच वर्षांची झाडं संपवते. चीडचं, म्हणजे हिमालयातल्या पाइनचं, रान जवळ असेल तर फेब्रुवारीतच कडेने जाळरेषा काढून सुक्या सुया गोळा करून ठेवा, आणि ते काम त्या-त्या वॉर्डातल्या महिला मंडळाला मजुरीवर द्या.